घरचा साबण घट्ट का होत नाही?

नारळ वाडीतले, तेल घाणीवर काढून आणलेले, कॉस्टिक सोडा बाजारचा. सगळे करून साचा भरला, आणि आठ दिवस झाले तरी साबण बोटाने दाबला की दबतोच. घरी साबण करू पाहणाऱ्या बऱ्याच भगिनींची हीच तक्रार असते. कोणी तो साबण उकिरड्यावर टाकते, कोणी त्यात अंदाजाने आणखी मूठभर कॉस्टिक घालून पुन्हा ढवळते. पहिल्या प्रकारात दोन-तीन किलो तेल फुकट जाते. दुसऱ्या प्रकारात साबण घट्ट होतो खरा, पण तो अंगाला लावला की कातडी सोलवटते. एवढ्यासाठीच हा विषय जरा सविस्तर घेतला आहे. मऊ राहिलेला साबण पुष्कळदा वाचवता येतो. मात्र तो का मऊ राहिला हे आधी ओळखले पाहिजे.

पालघर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथे, अर्नाळ्याच्या समोरच्या काठावर दातिवरे गाव आहे. दातिवरे, कोरे, एडवण, केळवे, माहीम या सगळ्या पट्ट्यात नारळाच्या वाड्या आहेत आणि पूर्वेला डोंगराकडे गेले की मोहाची आणि करंजाची झाडे. म्हणजे साबणाला लागणारे तेल दारात आहे. अडचण आहे ती हवेची. समुद्राची दमट हवा साबणाच्या कामात दोन ठिकाणी आडवी येते, आणि घाटावर लिहिलेल्या कृतीत त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही.

साबण म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. प्रत्येक तेलाला ठराविक वजनाचाच कॉस्टिक लागतो. एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम, मोहाच्या तेलाला सुमारे १३७ ग्रॅम, शेंगदाण्याच्या तेलाला १३६, करंजेलाला १३४ च्या आसपास आणि एरंडेलाला १२८. हे आकडे पुरे लागू केले तर तेलाचा थेंबही मोकळा उरत नाही. अंगाच्या साबणात थोडे तेल मोकळे राहिलेले बरे, म्हणून या आकड्यातून शेकडा पाच कमी करतात. उदाहरणार्थ, ६०० ग्रॅम खोबरेल आणि ४०० ग्रॅम मोहाचे तेल घेतले तर ११० आणि ५५ मिळून १६५ ग्रॅम कॉस्टिक होते. त्यातले आठ ग्रॅम वजा जाता १५७ ग्रॅम. पाणी ३०० ते ३३० ग्रॅम पुरते.

या हिशेबात ‘वाटी’, ‘पेला’, ‘ओंजळ’ ही मापे चालत नाहीत. लिटरसुद्धा चालत नाही. एक लिटर खोबरेल काट्यावर ठेवले तर ते साधारण ९२० ग्रॅमच भरते. लिटरला किलो समजून कॉस्टिक घातला की तो सरळ जास्त होतो. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता तालुक्याच्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर साबणाच्या भानगडीत पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मऊपणाचे प्रकार

साचा भरल्यावर दोन दिवसांनी साबणाकडे नीट बघावे. सगळा मऊ साबण एकसारखा नसतो.

वर तेलाचा तवंग आणि खाली पाणी असे दोन थर दिसले तर मिश्रण एकजीव झालेच नाही. आपल्याकडे पौष-माघात हे फार घडते. पहाटेच्या गारव्यात खोबरेल थिजते हे सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी गार तेलात कॉस्टिकचे पाणी घालून ढवळले की मिश्रण झटकन दाट होते. बाई समजते साबण जमला, आणि साचा भरते. प्रत्यक्षात ते तेल नुसते थिजलेले असते. दुपारी ऊन चढले की तेल पुन्हा पातळ होऊन वर येते. यावर उपाय सोपा आहे. सगळे मिश्रण, खालच्या पाण्यासकट, स्टीलच्या पातेल्यात काढावे, हातमोजे घालूनच, कारण ते पाणी म्हणजे कॉस्टिकच असते. पातेले गरम पाण्याच्या टोपात ठेवून तेल पुरते वितळू द्यावे आणि मग ढवळावे. ढवळण्याची काठी वर उचलून तिचा ओघळ मिश्रणावर सोडला आणि त्याची रेघ क्षणभर उमटून राहिली, म्हणजे साचा भरायला हरकत नाही.

थर पडले नाहीत, पण साबण लोण्यासारखा मऊ आहे आणि बोट लावले तर तेलकट लागते, अशा वेळी कॉस्टिक कमी पडला आहे, किंवा तेलच मऊ जातीचे आहे. खोबरेलाचा साबण लवकर आणि कडक जमतो. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांचा साबण निसर्गतःच मऊ असतो आणि त्याला वाळायला महिना-दीड महिना लागतो. एरंडेल फेस टिकवते, पण शेकडा दहाच्या वर गेले की साबण चिकट होतो. मोहाचे तेल मधल्यातले. म्हणून या भागात खोबरेल निम्म्याहून थोडे अधिक आणि बाकी मोहाचे असे मिश्रण सोयीचे पडते. नुसत्या खोबरेलाचा साबण जर मऊ राहिला, तर तेलाला दोष देऊ नये. चूक कॉस्टिकमध्ये किंवा पाण्यात आहे.

तेलकट नाही, नुसता ओलसर मऊ आहे, तर पाणी जास्त झाले. यात भर पडते ती हौसेने घातलेल्या वस्तूंची. कोरफडीचा गर, ताक, नारळाचे दूध, काकडीचा रस हे सगळे मुख्यतः पाणीच आहे. ते घालायचे असेल तर तेवढे पाणी आधी कमी केले पाहिजे. बेसन किंवा मैदा घालून साबण घट्ट करू नये. तो दोन दिवस बरा वाटतो आणि पुढे कुबट वास मारतो.

पारदर्शक जेलीसारखा, बुळबुळीत, किती दिवस ठेवला तरी वडी न धरणारा साबण झाला, तर दुकानदाराने कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश दिले असण्याचा संभव आहे. दोन्ही दिसायला सारखे पांढरे. पोटॅशचा साबण मऊच होतो, तो त्याचा धर्म आहे. धुण्याचा सोडा हा आणखी तिसरा प्रकार. त्याने घरगुती रीतीत तेलाचा साबण होतच नाही. म्हणून पुडीवरचे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि सुटी पुडी तर घेऊच नये.

कॉस्टिकला लागलेली हवा

आता किनाऱ्यावरच्या गावांतले सर्वांत मोठे कारण. कॉस्टिक सोडा हवेतले पाणी ओढून घेतो. झाकण सैल राहिलेल्या डब्यातले पापुद्रे पावसाळ्यात चार दिवसांत घामेजतात आणि एकमेकांना चिकटतात. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून कॉस्टिकचा काही भाग धुण्याच्या सोड्यातच बदलतो. असा कॉस्टिक काट्यावर १५७ ग्रॅम भरला तरी त्यात खरा कॉस्टिक किती, हे काटा सांगू शकत नाही. वजन पाण्यानेही वाढते. मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा वापरला आणि हिशेब बिनचूक असूनही साबण मऊ राहिला, तर पहिला संशय या डब्यावर घ्यावा. पापुद्रे सुटे, कोरडे, खडखडणारे असतील तरच ते साबणाला घ्यावेत. चिकटलेला, वर पांढरी भुकटी धरलेला कॉस्टिक साबणासाठी गेला असे समजावे. शक्यतो लहान बंद डबा आणावा, एका वेळी संपवावा. उरलाच तर जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, घट्ट फिरकीच्या झाकणाखाली, नाव लिहून, कुलपात ठेवावा.

बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यांत कॉस्टिक पातळ स्वरूपातही वापरतात. त्याला कॉस्टिक लाय म्हणतात आणि त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. कोणी ओळखीतून ‘कॅन भरून कॉस्टिक’ आणून दिला आणि तो पापुद्र्यांच्या हिशेबाने मोजला, तर साबणाला निम्माच कॉस्टिक मिळेल आणि तो कधीच जमणार नाही. त्याची खरी तीव्रता किती, आधी त्या कॅनमध्ये काय होते, हे घरी कळायला मार्ग नाही. अंगाला लावायच्या वस्तूसाठी असला माल घेऊ नये. भंगारातून आलेली रसायनांची पिंपे साबण ढवळायला वापरणे तर त्याहून वाईट.

भांड्याचाही यात हात असतो. स्वयंपाकघरातले जर्मनचे पातेले, म्हणजे अॅल्युमिनियमचे, कॉस्टिक खाऊन टाकतो. भांडे काळे पडते, फसफसून पेट घेणारा वायू निघतो आणि कॉस्टिकचा जोर त्यातच खर्च होतो. स्टील किंवा जाड प्लॅस्टिकची बादली वापरावी. साबणाची भांडी वेगळीच ठेवावीत.

किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी विहिरीचे पाणी मचूळ असते आणि साबण बिघडला की सगळा दोष त्या पाण्यावर जातो. हे काही पूर्ण खरे नाही. मचूळ पाण्यात कॉस्टिक घातला की पाणी दुधासारखे गढूळ होते, साबणाचा रंग मळकट येतो, फेसही थोडा कमी होतो. पण त्यामुळे वाया जाणारा कॉस्टिक अगदी किरकोळ असतो. साबण मऊ राहण्याइतका तो नव्हे. उलट थोडे मीठ साबणाला कडकपणाच देते. तरी स्वच्छ फडक्यातून गाळलेले पावसाचे पाणी मिळाले तर ते उत्तम.

वाट पाहायची की पुन्हा शिजवायचा?

येथे पुन्हा तो काटाच कामाला येतो. साच्यातून एक वडी काढून तिचे वजन करावे आणि भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवावे. आठ दिवसांनी पुन्हा करावे. वजन उतरत असेल तर साबण वाळतो आहे, त्याला हात लावू नये. घरचा थंड पद्धतीने केलेला साबण वापरण्याजोगा व्हायला चार ते सहा आठवडे लागतातच. पावसाळ्यात त्याहून अधिक. वजन दोन आठवडे तसेच राहिले आणि वडी अजून दबते आहे, मग मात्र दोष मुळात आहे.

दुसरी परीक्षा अशी. चिमूटभर साबण गरम पावसाच्या पाण्यात विरघळवावा. पाण्यावर तेलाचे डोळे तरंगले तर बरेच तेल मोकळे आहे, म्हणजे कॉस्टिक कमी. विहिरीचे पाणी या परीक्षेला घेऊ नये, ते आपल्या गुणाने साका धरते. जुन्या पद्धतीत जिभेचे टोक लावून झिणझिण्या येतात का पाहत. त्यापेक्षा आम्लता मोजायच्या कागदाची पट्टी आणावी, ती स्वस्त असते. ओल्या साबणावर पट्टी नऊ ते दहा दाखवील तर ठीक. अकराच्या वर गेली तर तो साबण अंगाला लावू नये. हळदीचे बोट लावून परीक्षा करण्यात अर्थ नाही. हळद चांगल्या साबणानेही लाल होते, हे हळदीकुंकवाचा डाग धुतलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

कॉस्टिक नेमका किती कमी पडला हे वहीवरून कळत असेल, तर साबण दुरुस्त होतो. समजा १५७ ऐवजी १२० ग्रॅमच घातला गेला. उणीव ३७ ग्रॅमची. साबण किसून स्टीलच्या पातेल्यात घ्यावा, अर्धी वाटी पाणी घालावे, आणि ते पातेले उकळत्या पाण्याच्या टोपात ठेवावे. वेगळ्या भांड्यात १०० ग्रॅम पाण्यात ३७ ग्रॅम कॉस्टिक हळूहळू सोडून विरघळवावा. कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही. ते उसळून तोंडावर येते. हे पाणी थोडे थोडे साबणात घालून मंद आचेवर ढवळत राहावे. तास-दीड तासात साबण शिजून व्हॅसलीनसारखा अर्धपारदर्शक दिसू लागतो. पट्टीने तपासून चमच्याने साच्यात दाबून भरावा. असा साबण दिसायला ओबडधोबड असतो, कामाला चांगला.

याउलट साबण भुसभुशीत, ठिसूळ झाला असेल, वर पाण्याचे बोचरे थेंब दिसत असतील, तर कॉस्टिक जास्त झाला आहे. तोही असाच वितळवून त्यात तेल घालता येते. दर १८ ग्रॅम जादा कॉस्टिकला १०० ग्रॅम खोबरेल, असा ढोबळ हिशेब धरावा.

आकडे लिहिलेलेच नसतील, किंवा कॉस्टिक जुना असल्यामुळे उणीव किती हे कळत नसेल, तर अंदाजाने कॉस्टिक घालण्याचा मोह आवरावा. असा मऊ साबण डब्यात भरून फरशी, भांडी, जाडेभरडे कपडे यांना वापरावा आणि खवट वास धरण्यापूर्वी दोन-तीन महिन्यांत संपवावा. वाया काही जात नाही.

मिठाची करामत

पालघर-वसईच्या किनाऱ्याला मिठागरे नवीन नाहीत, पण साबणाचे आणि मिठाचे नाते फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्वी युरोपात लाकडाच्या राखेतून निघणाऱ्या क्षारावर साबण करीत. राखेत पोटॅश असते, म्हणून तो साबण मऊ होई. तो कढईत उकळून त्यात मीठ टाकत. मिठातला सोडियम पोटॅशची जागा घेई आणि घट्ट साबण वर तरंगून येई. १७९१ साली निकोलस लब्लाँ या फ्रेंच माणसाने मिठापासूनच सोडा करण्याच्या पद्धतीचा हक्क मिळवला, आणि पुढे घट्ट साबण स्वस्त झाला. मोठे कारखाने मिठाचा हा गुण वापरत आले आहेत. त्यात ग्लिसरीन आणि जादा कॉस्टिक खाऱ्या पाण्याबरोबर खाली निघून जातो.

घरी एवढे करण्याचे कारण नाही. मात्र एक किलो तेलाला सुमारे १० ग्रॅम मीठ, कॉस्टिक घालण्यापूर्वी पाण्यात पूर्ण विरघळवून घेतले, तर वडी साच्यातून लवकर आणि कोरी सुटते. जास्त मीठ घातल्यास फेस मरतो आणि पावसाळ्यात वडी पाणी सोडते. खोबरेलाच्या साबणाची तऱ्हा मात्र निराळी आहे. तो खाऱ्या पाण्यातही विरघळतो, त्यामुळे मीठ टाकून वेगळा काढायचा तर फारच मीठ लागते. याच गुणामुळे समुद्राच्या पाण्यात फेस देणारा खलाशांचा साबण खोबरेलापासून करीत. होडीवर जाणाऱ्यांच्या घरी ही माहिती उपयोगी पडावी.

आपल्या देशात खेड्यातल्या साबणाचा विचार बराच जुना आहे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. पुढे १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला. मोह, करंज, कडुनिंब अशा खाण्यात न येणाऱ्या तेलांचा साबण करावा, म्हणजे खाण्याचे तेल वाचेल आणि रानातले बी गोळा करणाऱ्याला चार पैसे मिळतील, हा त्यामागचा विचार. पालघरच्या पूर्व भागाला तो आजही लागू पडतो.

वाळवण

किनाऱ्यावर साबण घालण्याचा उत्तम काळ दिवाळीनंतरचा. पाऊस सरलेला असतो, वारा कोरडा असतो, आणि होळीपर्यंत साबण चांगला मुरतो. थंडीत तेल आधी कोमट करून घ्यावे, एवढेच. श्रावणात केलेल्या साबणावर पाण्याचे थेंब जमलेले दिसतात. ते पाहून घाबरू नये. घरच्या साबणात ग्लिसरीन तसेच राहते आणि ते हवेतले पाणी ओढते. वडी आत घट्ट असेल तर कोरड्या फडक्याने पुसून ठेवावी. उन्हात घालू नये. वरून तडकते आणि आत ओली राहते. बांबूच्या टोपलीत किंवा सुपात, वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून, सावलीत वारा लागेल अशी मांडावी, आणि चार दिवसांनी उलटावी. पत्र्यावर किंवा जर्मनच्या ताटात वाळवू नये. पावसाच्या दिवसांत घराचा सर्वांत कोरडा कोपरा चुलीवरच्या माळ्याचा, पण तेथे साबणाला धुराचा आणि सुक्या मासळीचा वास लागतो. कपड्यांचा साबण असेल तर चालेल.

कामाच्या वेळी मुले आणि गुरे दूर ठेवावीत. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, दारे-खिडक्या उघड्या. कॉस्टिक अंगावर उडाला तर लगेच वाहत्या साध्या पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावे. लिंबू, व्हिनेगर लावत बसू नये. डोळ्यात गेला तर धुता धुताच दवाखान्याची गाडी बोलवावी. कोणी चुकून गिळला तर ओकारी काढू नये, घशाला दुसऱ्यांदा भाजते. तोंड धुवून तडक दवाखाना गाठावा. कॉस्टिकचे पाणी तांब्यात किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

बचत गटामार्फत अंगाचा साबण विकायचा विचार असेल, तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो आधी काढावा. आणि प्रत्येक घाण्याची वही ठेवावी: तारीख, तेल किती ग्रॅम, कॉस्टिक किती, कोणत्या डब्यातला, पाणी किती, त्या दिवशी पाऊस होता की ऊन. साबण बिघडला तर विचारायला आलेल्या माणसाने पहिल्यांदा हीच वही मागावी.